जुनी पोथी हातात घेताना

अरे, गुहागरच्या घरातली पोथी मिळालीय ना, मग आधी सगळ्या पानांचे फोटो काढ, आपल्याकडच्या दमट हवेत कसर लागायला वेळ लागत नाही. आणि प्लीज, मजकुरात लगेच दुरुस्त्या करत सुटू नकोस. हाताने नकलताना घ चा ध, म चा भ तर सर्रास होतो, पण दोन ओळी एकाच शब्दावर संपत असल्या की नकलणाऱ्याची नजर घसरते न् मधली अख्खी ओळ गळते, ते दुसऱ्या प्रतीशी ताडल्याशिवाय कळतच नाही. पाच प्रती जुळल्या तरी पाचही एकीवरूनच उतरवलेल्या असतील तर साक्षीदार एकच! भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक प्रती ताडून ठरवलेली संहिता, बघ, १९१९ला काम सुरू, १९६६ला पूर्ण, त्यात नाकारलेले पाठही, म्हणजे इतर प्रतींतले वेगळे शब्दही, तळटीपेत दिलेत, तूही तसंच कर.