लाल-निळे दिवे: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: रुग्णवाहिका अगदी मागे येऊन ठेपल्यावरच सायरन ऐकू येतो. अशा वेळी चालकाने नेमकं काय करावं? (वाचक, नाशिक)

उत्तर: काचा बंद, एसी चालू आणि वर गाणी, मग सायरन आत पोचणार कसा? अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. शिवाय चौकातल्या इमारतींवर आदळून तो भलत्याच दिशेने आल्यासारखा वाटतो. सरळ रस्त्यावर दिवा सायरनच्या कितीतरी आधी दिसतो, पण आरशात पाहण्याची सवय हवी. दिवा दिसला की डावा इंडिकेटर द्या, वेग कमी करत डावीकडे सरका. जागच्या जागी ब्रेक दाबू नका, कारण मागच्या चालकाने तुमच्या शेजारून निघायचा अंदाज बांधलेला असतो. सिग्नल लाल असेल तर पुढे मोकळी जागा असेल तेवढंच सरका. आडव्या वाहतुकीत घुसून दुसरा अपघात ओढवून घेऊ नका. महामार्गावरच्या कोंडीत कडेची पट्टी रिकामी सोडा. अग्निशमन दलाच्या गाड्या बहुधा एकापाठोपाठ येतात, तेव्हा एक गेली म्हणून लगेच रस्त्याच्या मध्ये येऊ नका. रुग्णवाहिकेच्या शेपटाला धरून कोंडी फोडणाऱ्यांची तर वेगळीच जमात आहे. तिला पुढे अचानक थांबावं लागलं की हे थेट तिच्या मागच्या दारावर.

वाट अडवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न: रात्री अपघाताच्या ठिकाणी पोलिसांच्या गाडीचे दिवे इतके डोळ्यांवर येतात की पुढचं काही दिसत नाही. एवढे प्रखर दिवे हवेतच कशाला? आणि लाल-निळे दोन्ही का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: दोन रंगांचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. भर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळट हिरव्या प्रकाशाला सर्वांत तरतरीत असतो, अंधारात ही जागा ५०७ च्या आसपास, म्हणजे निळ्याकडे सरकते. म्हणून दिवसा लाल टिकतो आणि रात्री निळा उठून दिसतो. काही रंगांध व्यक्तींना लाल मंद दिसतो, त्यांनाही निळ्याचा आधार होतो.

डोळे दिपण्याची तक्रार मात्र रास्त आहे. धावत्या गाडीचा दिवा 'वाट द्या' म्हणतो, उभ्या गाडीचा 'इथे अडथळा आहे' म्हणतो, आणि बरेच पथक दोन्हींसाठी एकच बटण वापरतात. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने येणारी मोटार सेकंदाला ३३ मीटर जाते. ब्रेकवर पाय पोचेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे ५० मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला ८० तरी. दिपलेल्या डोळ्यांना गाडीसमोर वाकून काम करणारा माणूस तेवढ्यात दिसत नाही.

पथकाने गाडी अपघाताच्या अलीकडे, येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला लावावी. थांबल्याबरोबर हेडलाइट आणि पुढचे पांढरे झगमगते दिवे बंद करावेत, बाकीचे रात्रीच्या मंद पातळीवर आणावेत. इशाऱ्याचे प्लास्टिक शंकू किमान दीडशे मीटर आधीपासून मांडावेत, वळणाच्या पुढे अपघात असेल तर वळणाच्याही आधी. गाडीच्या मागची परावर्तक पट्टी चिखलाने माखली असेल तर तिचा उपयोग शून्य; ती पुसायला एक ओला फडका पुरतो. लुकलुकण्याचा वेग म्हणाल, तर संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ६५ सेकंदाला २ ते ४ वेळा एवढा ठेवतो. याहून कितीतरी भरभर, सेकंदाला पन्नास-साठ वेळा लुकलुकला, तरच दिवा डोळ्यांना स्थिर वाटू लागतो.

प्रश्न: सरपंचांच्या गाडीवर दिवा लावता येतो का? (वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर: नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही उतरले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०८ वा नियम लाल-निळा-पांढरा दिवा अग्निशमन, कायदा-सुव्यवस्था आणि आपत्ती निवारणाच्या कामावरच्या वाहनांपुरता ठेवतो. जाळीमागे लपवलेला फ्लॅशरही यात येतो.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या जुन्या रुग्णवाहिकेचा दिवा मंद पेटतो आणि उभी असताना बॅटरी बसते. पावसाळ्यात आत पाणीही साचतं. (वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर: ५५ वॅटचे चार हॅलोजन म्हणजे २२० वॅट, १२ व्होल्टवर सुमारे १८ अँपिअर. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा अर्धा भाग तीन तासांच्या आत संपतो. दीड चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटर ओढली असेल तर तिच्यातच सुमारे १ व्होल्ट जातो, आणि हॅलोजनचा पाव प्रकाश तेवढ्याने जातो. ४ चौरस मिलिमीटरची वायर घाला, बॅटरीजवळच २५ अँपिअरचा फ्यूज आणि रिले (छोट्या बटणाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवा. अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळा. एलईडी पट्टी घेतलीत तर भार साधारण ५ अँपिअरवर येतो.

पाण्याचं बहुतेकदा असं होतं: गळती थांबवायला कुणीतरी चौफेर सिलिकॉन थापतो आणि तळाची निचऱ्याची भोकंही बुजवतो. मग दमट हवा आतच कोंडते. ती भोकं मोकळी करा. आवरण थिनरने किंवा पेट्रोलने पुसू नका, पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि पाणी पुन्हा तिथूनच शिरतं. स्वस्त एलईडी पट्टी लावल्यावर वायरलेसमध्ये खरखर आली, तर तिची वायर अँटेनाच्या वायरीपासून दूर न्या. तरीही थांबली नाही तर पट्टी दुकानदाराला परत करा.