आवडता की नावाजलेला?

आवडत्या सिनेमांची यादी करायची तर आधी नावाजलेल्यांच्या याद्या बंद करा आणि आठवणीतून दहा नावं लिहा. प्रत्येकापुढे किती वेळा पाहिला तो आकडा टाका. एकदाच पाहिलाय, एकही प्रसंग धड आठवत नाही, तरी यादीत आहे? तो बहुधा लोकलाजेस्तव आलाय.

टक्क्यांना भुलू नका. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरचे ९५ टक्के म्हणजे शंभरपैकी ९५ गुण नव्हेत. शंभरातल्या ९५ समीक्षकांचं मत अनुकूल, एवढंच. सगळ्यांनी नुसतं 'बरा आहे' म्हटलं तरी १०० टक्के होतात. उलट निम्म्यांनी डोक्यावर घेतलेला आणि निम्म्यांनी झोडपलेला सिनेमा ५० वर अडकतो. जिवाभावाचा सिनेमा शोधायचा तर याच ढिगात हात घाला. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ मात्र समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढतं, तीही काही समीक्षकांना जास्त वजन देऊन.

बरं, समीक्षकांचं मतही हलतं. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या समीक्षकांच्या कौलात १९५८ चा 'व्हर्टिगो' १९७२ मध्येही पहिल्या दहात नव्हता. २०१२ मध्ये पहिला आला, २०२२ मध्ये दुसरा.

नावाजलेला सिनेमा कंटाळवाणा वाटला तर कितव्या मिनिटाला कंटाळा आला ते टिपा. संथपणामुळे, सबटायटल वाचताना चित्र निसटलं म्हणून, की फोन हातात होता? फोन असेल तर पुन्हा पाहा. संथपणा असेल तर खुशाल सोडा. आणि परीक्षण वाचायचं ते स्वतःच्या चार ओळी लिहून झाल्यावरच.