वाचकांचे प्रश्न: दीड महिन्यानंतर लॉगर का पिसाळतो?

प्रश्न : आर्डुइनोवर (छोटा प्रोग्रामेबल बोर्ड) तापमानाचा डेटा लॉगर बनवलाय, दर १० मिनिटांनी रीडिंग घेऊन कार्डवर लिहितो. दीड महिना मस्त चालतो आणि मग अचानक सलग रीडिंग घेत सुटतो, फाइल कैच्या कै मोठी होते, थोड्या वेळाने आपोआप ताळ्यावर येतो. सेन्सर बदलला, पॉवर सप्लाय बदलला, काही फरक नाही. बोर्ड खराब असेल का?

उत्तर : बोर्ड ठणठणीत असणार, उगाच नवीन घेऊ नका. हे टायमर रोलओव्हरचं लक्षण आहे. आर्डुइनोचं मिलिस फंक्शन बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजतं ३२ बिटांत, त्यात जेमतेम ४२९ कोटी मावतात, म्हणजे ४९ दिवस १७ तास झाले की काउंटर पुन्हा शून्यावर. विंडोज ९५ आणि ९८ याच आकड्याला हँग व्हायचे.

तुमच्या कोडमध्ये बहुतेक "आत्ताची वेळ अधिक १० मिनिटं" अशी पुढची वेळ काढून ठेवलीय आणि आत्ताची वेळ तिच्यापुढे गेली का ते बघताय. रोलओव्हरआधीच्या शेवटच्या १० मिनिटांत ती बेरीजच ओव्हरफ्लो होते (३२ बिटांत न मावल्याने पुन्हा शून्यापासून मोजली जाते), पुढची वेळ एवढीशी आणि आत्ताची प्रचंड, मग प्रत्येक लूपला प्रोग्रामला वाटतं वेळ झाली, लिही. काउंटर शून्यावर गेला की सगळं आपोआप सुरळीत, म्हणून तर हा बग पकडताना जीव जातो.

बेरीज काढून टाका, वजाबाकी करा: आत्ताची वेळ वजा मागच्या रीडिंगची वेळ, ती १० मिनिटांएवढी झाली की रीडिंग घ्या. मागची ४२९४९६७२९० आणि आत्ताची ४ असली तरी अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेल्या) वजाबाकीत उत्तर बरोबर १० येतं. फक्त दोन्ही व्हेरिएबल अनसाइन्ड लाँगच (मिलिससारखाच ३२ बिटांचा, ऋण नसलेला प्रकार) हवेत, साधं इंट ठेवलंत तर सगळं मुसळ केरात.

काही जण रोज रीसेट मारायचा सल्ला देतात, मला तो अजिबात पटत नाही, बग तिथेच राहतो. २०१५ मध्ये बोइंग ७८७ विमानाबद्दल असाच आदेश निघाला होता, सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटर कंट्रोल युनिट बंद पडू शकतात म्हणून अधूनमधून वीज पूर्ण बंद करा, पण तो सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंतचा उपाय होता.

आणि टेस्टिंगसाठी ५० दिवस थांबायची गरज नाही. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) काउंटर मुद्दाम असा सुरू करतात की बूटनंतर ५ मिनिटांत रोलओव्हर होतो. तुम्हीही मिलिस थेट वापरू नका, त्यात ४२९४९००००० मिळवून देणारं छोटं फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा, टेस्टपुरतं रीडिंग दर १० सेकंदांनी घ्या, साधारण ६७ सेकंदांनी रोलओव्हर होईल तेव्हा सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचं आउटपुट संगणकावर दाखवणारी खिडकी) नजर ठेवा.