देव न मानणारे आस्तिक, आणि दर्शनांवरचे तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात षड्दर्शनांवर, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या सहा परंपरांवर, दोन पानांचा लेख दिला होता, त्यावर एवढी पत्रं आणि मेल येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढेच घेतलेत.

प्रश्न : ताई, तुम्ही सांख्य आणि मीमांसा यांना "आस्तिक दर्शनं" म्हटलंत आणि चार ओळी खाली लिहिलंत की ही दोन्ही जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. ही छपाईची चूक आहे का?

नाही हो, छपाई बरोबर आहे, घोळ त्या शब्दाचाच आहे. आज आपण आस्तिक म्हणजे देव मानणारा असं धरून चालतो पण जुन्या ग्रंथांमध्ये प्रश्नच वेगळा होता. पाणिनीच्या सूत्राचा अर्थ लावणारे म्हणतात परलोक "आहे" असं ज्याचं मत तो आस्तिक, आणि मनुस्मृती म्हणते वेदाची निंदा करतो तो नास्तिक. पुढे ही वेदवाली कसोटीच रूढ झाली. म्हणून बौद्ध, जैन, चार्वाक एका बाजूला गेले आणि न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदान्त हे सहा दुसऱ्या बाजूला, त्यात देवाचा संबंध नाही.

आणि यात मीमांसकांची केस खरंच भारी आहे. वेदावर यांच्याइतकी निष्ठा कुणाचीच नाही, पण त्यांनी वेदाला लेखकच ठेवला नाही! अपौरुषेय म्हणजे "देवाने सांगितलेला" असं बरेच जण समजतात, पण मीमांसक म्हणतात देवानेसुद्धा नाही. का तर कर्ता आला की त्याच्या मागोमाग त्याची नजरचूक आली, अज्ञान आलं, फसवायची इच्छा आली, मग ते वाक्य तपासत बसा. कर्ताच नाही तर दोष चिकटणार कुणाला? शबरस्वामींनी तर जैमिनीच्या सूत्रांवर (मीमांसेचा मूळ ग्रंथ) भाष्य करताना देवतांना शरीर असतं आणि त्या यज्ञातला हवी म्हणजे आहुती खातात हेही नाकारलंय. मग यज्ञ आज केला आणि स्वर्ग मेल्यावर, तर मधल्या काळात ते पुण्य असतं कुठे? देव हिशोब ठेवतो असं सोपं उत्तर समोर होतं, पण ते न घेता त्यांनी "अपूर्व" नावाची एक न दिसणारी शक्ती मानली, कर्मातून तयार होते आणि फळ देईपर्यंत टिकते. पटो न पटो, पण शेवटपर्यंत आपल्या म्हणण्याला चिकटून राहणं म्हणजे काय ते इथे बघायला मिळतं.

यज्ञ मागे पडले तरी मीमांसा मागे पडली नाही हेही सांगायला हवं, कारण दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध दिसली तर कुठलं वरचढ, विधी म्हणजे आज्ञा कुठली आणि नुसती स्तुती कुठली, हे ठरवायचे नियम त्यांनी घासूनपुसून तयार केले होते, आणि मिताक्षरेसारख्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी वारसाहक्काच्या भांडणात तेच नियम वापरले.

प्रश्न : मी बीएला आहे. न्यायदर्शनातला (तर्काचं दर्शन) पंचावयव पाठ केलाय पण पाच पायऱ्या कशाला हे कळत नाही, धूर दिसला म्हणजे आग आहे हे एका वाक्यात होतं की! प्लीज सोपं करून सांगा.

अगं तुझं बरोबरच आहे, स्वतःपुरतं असेल तर एका वाक्यातच होतं. न्यायवाले त्याला स्वार्थानुमान म्हणतात. पाच पायऱ्या लागतात समोरच्याला पटवायचं असतं तेव्हा, ते परार्थानुमान. डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा), कारण धूर आहे (हेतू), जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात (उदाहरण), या डोंगरावरही तसाच धूर आहे (उपनय), म्हणून डोंगरावर आग आहे (निगमन). यातली तिसरी पायरी म्हणजे सगळा जीव आहे. नुसता नियम सांगून भागत नाही, दोघांनाही मान्य असलेलं एक उदाहरण दाखवावं लागतं, म्हणजे हवेतल्या नियमावर कुणी कुणाला हरवू शकत नाही.

आता हेच उलटं करून बघ, जिथे आग तिथे धूर. जमत नाही, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे आणि धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं, ही अट लपलेली होती, तिला "उपाधी" म्हणतात. एक्झामला हे लिहिलंस तर तपासणारे खूश होतील (माझा अंदाज, गॅरंटी नाही).

आणि वितंडवाद हा शब्द आपण रोज वापरतो ना, तोही इथलाच आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत, सत्य शोधायला केला तो वाद, जिंकायला केला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच मांडायची नाही फक्त समोरच्याचं खोडत बसायचं ती वितंडा. टीव्हीवरचे डिबेट कुठल्या खान्यात जातात ते तूच ठरव.

न्यायवाले सुरुवातीला देवाच्या फारसे मागे नव्हते, पण पुढे उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात ईश्वर तर्काने सिद्ध करायला "न्यायकुसुमांजली" हा आख्खा ग्रंथ लिहिला. आख्यायिका अशी आहे की ते जगन्नाथाच्या दर्शनाला गेले आणि दार बंद मिळालं, तर देवालाच सुनावलं की ऐश्वर्याच्या मदात मला टाळतोस, पण बौद्ध आले की तुझं असणं माझ्यावर अवलंबून आहे!

प्रश्न : कणादांनी अणुबॉम्बचं ज्ञान आधीच दिलं होतं असा मेसेज फिरतोय, खरं का?

नाही. कणादांच्या वैशेषिक दर्शनातला परमाणू प्रयोगातून आलेला नाही, तर्कातून आलाय, आणि तो तर्क मला त्या मेसेजपेक्षा जास्त आवडतो. वस्तू कायम तोडता येत राहिली तर मेरू पर्वतालाही अनंत तुकडे आणि मोहरीलाही अनंत तुकडे, मग दोन्ही सारखेच मोठे म्हणायचे का? म्हणून कुठेतरी थांबायलाच हवं. दोन परमाणूंचं द्व्यणुक, अशी तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक, आणि ते म्हणजे उन्हाच्या तिरपेत तरंगताना दिसणारा धुळीचा कण. पृथ्वीच्या परमाणूला गंध असतो असंही ते मानतात, तेव्हा आजच्या फिजिक्सशी जोडायला जाऊ नका.

प्रश्न : मी तीन वर्षं योगा क्लासला जाते. योगदर्शनात किती आसनं दिलीत?

एकही नाही! पतंजलींच्या १९५ सूत्रांपैकी (काही प्रतींत १९६) आसनावर फक्त तीन आहेत, पहिलं म्हणतं स्थिर आणि सुखाचं असेल ते आसन, बाकी कुठे पाय कुठे हात काही नाही. आसनांची वर्णनं हठयोगाच्या ग्रंथांतून येतात, ते बरेच नंतरचे. क्लास सोडू नका, पाठीला बरं असतं.

पतंजलींचा खरा विषय चित्त आहे आणि त्याच्या पाठीमागचा नकाशा सांख्यांचा. तो नकाशा थोडक्यात असा, एका बाजूला पुरुष म्हणजे नुसता बघणारा, दुसऱ्या बाजूला प्रकृती म्हणजे सत्त्व, रज, तम. प्रकृतीतून बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रियं, पाच तन्मात्रं (शब्द, स्पर्श वगैरे सूक्ष्म रूपं), पाच महाभूतं, पुरुष आणि प्रकृती धरून सगळी मिळून पंचवीस तत्त्वं. गंमत कुठे आहे बघा, मन आणि बुद्धीसुद्धा त्यांनी जड प्रकृतीत टाकली. म्हणजे "मी विचार करतो" यातला विचार दगडामातीच्या घरातला, आणि "मी" मात्र वेगळाच, तो काहीच करत नाही. आपण या दोघांची गल्लत करतो आणि तेच दुःख. ती गल्लत सुटली की प्रकृती नर्तकीसारखी नाच दाखवून रंगमंचावरून निघून जाते, अशी सांख्यकारिकेत उपमा आहे. योगाने या पंचवीसांत ईश्वर जोडला, पण तो जग बनवणारा नाही, क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श न झालेला एक विशेष पुरुष एवढाच.

प्रश्न : जग मिथ्या आहे असं शंकराचार्य म्हणतात, मग लाइटबिल भरायचं कशाला? (हे मी सिरीयसली विचारतोय.)

मीही सिरीयसली सांगते, भरा. मिथ्या म्हणजे नाहीच असं नव्हे. सशाचं शिंग नाहीच, त्याला मिथ्या म्हणत नाहीत. दोरीवर दिसलेला साप मिथ्या, कारण दिसला, घाम फोडला, आणि दिवा आणल्यावर गेला. शंकराचार्यांच्या अद्वैत वेदान्तात सत्तेच्या, म्हणजे असण्याच्या, तीन पातळ्या आहेत, त्या सापाची प्रातिभासिक, लाइटबिलाची व्यावहारिक आणि ब्रह्माची पारमार्थिक. बाहेरच्या वस्तू नाहीतच, सगळं विज्ञानच (म्हणजे मनातली जाणीवच) आहे असं म्हणणाऱ्या बौद्धांना शंकराचार्यांनी स्वतः ब्रह्मसूत्रभाष्यात खोडून काढलंय, म्हणे वस्तू समोर दिसत असताना ती नाही कसं म्हणता!

पण सगळे वेदान्ती यावर गप्प बसले नाहीत. रामानुजाचार्यांनी विचारलं, हे अज्ञान राहतं कुठे? ब्रह्मात म्हणाल तर ते ज्ञानस्वरूप कसलं, आणि जीवात म्हणाल तर जीवच मुळी अज्ञानामुळे झालाय म्हणता. असे सात आक्षेप त्यांनी काढले. मध्वाचार्य तर सरळ म्हणाले ईश्वर, जीव आणि जग यांच्यातले भेद खरे आहेत, पाच प्रकारचे आहेत, विषय संपला. आणि आपल्याकडे ज्ञानदेवांनी अमृतानुभवात अज्ञानखंडनाचं आख्खं प्रकरण लिहिलं, ते अद्वैतातच राहून, ते वाचलं नसेल तर जरूर वाचा.

प्रश्न : दर्शनं सहाच का? आणि वाचायला सुरुवात कुठून करू?

सहा हा आकडा जुना आहे पण त्यातली नावं बदलत आलीत. आठव्या शतकातल्या जैन आचार्य हरिभद्रसूरींच्या यादीत सहात बौद्ध आणि जैन आहेत, योग आणि वेदान्त नाहीत! चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात सोळा आहेत. ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला गणपतीचे सहा हात म्हणजे सहा दर्शनं असं रूपक आहे, त्यांची एकमेकांत मतं जुळत नाहीत म्हणून प्रत्येक हातात वेगळं आयुध, तर्काचा परशू, वेदान्ताचा मोदक, आणि वार्तिककारांनी (टीकाकारांनी) खंडन केलेल्या बौद्धमताचा तो मोडका दात.

सुरुवात अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहापासून करा, छोटा आहे आणि बाकी सगळे जे शब्द वापरतात ते तिथे कळतात. मग सांख्यकारिका, सत्तरच्या आसपास श्लोक. नुसती सूत्रं वाचू नका, भाष्य सोबत ठेवा. ब्रह्मसूत्रं मात्र शेवटी, कारण पहिलंच सूत्र "अथ"ने सुरू होतं, अथ म्हणजे "यानंतर", आणि कशानंतर यावरच शंकराचार्य आणि रामानुजाचार्य यांचं जमत नाही.