वाचकांचे प्रश्न : राडारोड्याची टेकडी आणि तिच्यावरच्या पाऊलवाटा

मागच्या अंकात आमच्या म्युनिकच्या ऑलिम्पिक पार्कबद्दल मी पानभर लिहिलं होतं. १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी उभारलेली जागा पन्नास वर्षं उलटली तरी गावाची रोजची बाग कशी राहिली, एवढाच विषय. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मूळची सांगलीची. १९९१ पासून म्युनिकमध्ये, पार्कला लागून असलेल्या मिल्बर्ट्सहोफेन भागात राहते. सव्वीस वर्षं एका रोपवाटिकेत काम केलं, आता निवृत्त आहे. तेव्हा ही उत्तरं माळिणीची आहेत, नगररचनाकाराची नाहीत, हे धरून चाला.

ताई, खेळ सोळा-सतरा दिवसांचे. नंतर बाग करायची हे आधीच ठरलं होतं, की जागा रिकामी पडली म्हणून सुचलं?
एक वाचक, नाशिक

आधीच ठरलं होतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

या जागेचं नाव ओबरवीझनफेल्ड. बव्हेरियाच्या राजाच्या फौजेचं हे कवायतीचं मैदान होतं, पुढे विमानतळ झाला. १९३८ मध्ये हिटलरशी म्युनिक करार करायला ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेनसाहेब विमानातून उतरले ते इथेच. मग युद्ध झालं, शहरावर बॉम्ब पडले, आणि कोसळलेल्या घरांच्या विटा, चुना, कौलं या माळावर आणून ओतली गेली. ढिगावर ढीग चढत टेकडी झाली. १९६६ च्या एप्रिलमध्ये म्युनिकला ऑलिम्पिक मिळालं तेव्हा शहराच्या मध्यापासून चार किलोमीटरवर एक ओसाड माळ होता आणि त्याच्या कडेला हा राडारोड्याचा डोंगर.

दुसऱ्या कुणी आधी डोंगर उपसला असता. पार्कचे वास्तुकार गुंटर बेनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ठेवला. तिथली जमीनच उंचसखल करून घेतली आणि स्टेडियम तिच्या खोलगटात बसवलं, त्यामुळे बाहेरून बघताना इमारत अंगावर येत नाही. शेजारून नुम्फेनबुर्गच्या राजवाड्याकडचा कालवा जात होता, त्याचं पाणी अडवून तळं केलं. वर ते प्रसिद्ध तंबूसारखं छप्पर, पोलादी दोरांच्या जाळ्यावर पारदर्शक ॲक्रिलिकच्या तावदानांचं, सुमारे ७५,००० चौरस मीटर. त्यामागे फ्राय ओटो या वास्तुकाराचं डोकं होतं. फोटो सगळे छपराचे काढतात. मला विचाराल तर खरी करामत छपराखालच्या जमिनीची आहे, आणि ती गुंटर ग्झिमेक या उद्यानरचनाकाराची.

ग्झिमेक यांनी झाडांची खिचडी केली नाही. तळ्याकाठी रुपेरी विलो, मोठ्या वाटांना लिंडन, टेकडीवर आल्प्समधला बुटका पाइन. या बुटक्या पाइनचं मला फार कौतुक आहे. टेकडी जेमतेम साठ मीटरची. तिच्यावर उंच झाडं लावली असती तर ती झाडीत बुडून गेली असती. झाडं बुटकी, म्हणून लांबून बघताना तिचा चांगला डोंगर होतो. माळिणीचीही नजर फसते.

टेकडीवर रुडॉल्फ बेलिंग यांचं एक शिल्प आहे. त्याचं नाव ‘शुट्टब्लूमे’, आपल्या भाषेत राडारोड्याचं फूल. एकदा मोठ्या पावसानंतर तिकडे चढत होते, तर पाऊलवाटेत लाल विटेचा एक कोपरा उघडा पडलेला. चपलेच्या टोकानं माती सारून बघितलं. एका कडेला अजून चुन्याचा थर चिकटलेला होता. कुणाच्या तरी स्वयंपाकघराची भिंत असेल, म्हणून पुन्हा माती लोटून दिली.

मॅडम, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही लिहिलं आहे की तिथे हिरवळीवर कुठेही चालता, बसता येतं. लाखो लोक तुडवतात तरी गवत टिकतं कसं?
विद्यार्थिनी, कोल्हापूर

पोरी, हा प्रश्न मला सर्वांत आवडला.

१९७२ च्या आधी जर्मन बागांमध्येही ‘हिरवळीवर चालू नये’ अशा पाट्या सर्रास असत. आपल्याकडे पाटीच्या जोडीला शिट्टी असते. सांगलीत आमच्या घराजवळच्या बागेतला पहारेकरी अशी शिट्टी मारायचा की हातातली भेळ सांडायची. ग्झिमेक यांचं म्हणणं याच्या अगदी उलट होतं. हिरवळ बघायची नव्हे, वापरायची गोष्ट आहे, आणि लोकांनी तिचा ताबा घ्यावा. आपल्या सातबारावाल्या मराठीत म्हणायचं तर त्यांनी बागेत लोकांची वहिवाट मान्य केली.

आता गवताचं. गवत पायांनी मरत नाही, एकाच रेषेत पडणाऱ्या पायांनी मरतं. एकच अरुंद वाट ठेवून बाकी सगळीकडे तारा ओढल्या की वाटेच्या दोन्ही कडा आधी घासतात, मग माती दगडासारखी घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही, पाणी वरून वाहून जातं आणि टक्कल पडतं. तेच पाय चारी दिशांना पांगले तर गवत आठ दिवसांत उभं राहतं. शिवाय बी कोणतं पेरता याला महत्त्व आहे. खेळाच्या मैदानाचं राय गवत मार खाऊनही फुटतं. मखमली दिसणारं नाजूक गवत फक्त फोटोपुरतं. माती सैल करणं आणि टकलावर पुन्हा बी टाकणं ही कामं मात्र दर वर्षी करावीच लागतात. आणि टेकडीच्या उतारावर लोकांनी पाडलेल्या वाटा आहेत त्या आहेतच. कागदावरच्या आराखड्यात ज्या वाटा नसतात त्या लोक पायांनी काढतात. तुझ्या मास्तरांना विचार, कोणत्याही जागेचा नकाशा काढण्याआधी तिथल्या पाऊलवाटा मोजायला शिकवतात का ते.

एक प्रसंग सांगते. २०२४ च्या जुलैत अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचे दोन कार्यक्रम इथल्या स्टेडियममध्ये झाले. तिकिटं मिळणं दुरापास्त. पण टेकडीवर बसलं की स्टेडियममधलं गाणं फुकट ऐकू येतं, थोडं दिसतंही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुपारपासून लोक चढायला लागले. माझी नात हट्ट धरून बसली म्हणून मीही गेले, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. संध्याकाळी टेकडीचं गवत म्हणून दिसत नव्हतं, हजारो माणसं नुसती. कुणी हाकललं नाही. शेजारच्या मुलींनी माझ्या हातात मण्यांची बांगडी घातली, मी त्यांना दशमी दिली. चटणीनं एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी गाणं म्हणतच होती.

दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम गवत बघायला गेले. पिवळं पडलं होतं, चपटं झालं होतं. सप्टेंबरात हिरवं होतं.

एवढ्या मोठ्या योजनेत आधीच्या माणसांचं काय झालं? आमच्याकडे अशा वेळी आधी झोपड्या जातात.
एक वाचक, नवी मुंबई

रास्त शंका. इथे एक मोठी गमतीची हकिकत आहे. युद्धानंतर, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तिमोफेई नावाचा एक रशियन वैरागी आणि त्याची सोबतीण नताशा या माळावर येऊन राहिले. परवानगी नाही, कागद नाही. राडारोड्यातून वेचलेल्या सामानाचं घर आणि एक छोटं देऊळ, म्हणजे चर्च, त्यांनी उभारलं. आतलं छत चॉकलेटच्या चांदीच्या कागदांनी मढवलेलं. ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा नेमक्या त्याच जागी घ्यायचं ठरलं होतं. म्युनिककरांनी ओरड केली, आणि घोडे शहराच्या पूर्वेला रीमला गेले. म्हातारा राहिला. पुढे तर शहराच्या महापौरांनीच त्या बांधकामाला म्युनिकचं सर्वांत लोभस बेकायदा बांधकाम म्हटलं. तिमोफेई २००४ मध्ये वारला, वय म्हणे एकशे दहा. २०२३ च्या जूनमध्ये ते चर्च आगीत जळालं. मी सकाळी गेले तेव्हा बरेच जण कुंपणाशी नुसते उभे होते.

सगळ्यांच्याच वाट्याला अशी माया येते असं मी म्हणणार नाही. पण एका माणसासाठी आराखडा बदलता येतो, एवढं इथे दिसलं.

आमच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९७२ ला जर्मनीत सुवर्णपदक जिंकले. ते याच पार्कमध्ये का?
एक वाचक, इस्लामपूर

नाही, आणि का नाही याचं उत्तर आपल्या विषयातच आहे. अपंगांच्या त्या वर्षीच्या स्पर्धा हायडेलबर्गला झाल्या, ऑगस्टच्या सुरुवातीला. म्युनिकचं क्रीडाग्राम खेळ संपताच खाजगी घरांत बदलायचं आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे तिथे जागा देता येत नव्हती. मी एवढं कौतुक करते त्या ‘आधी ठरवलं होतं’ची ही दुसरी बाजू. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले आपले पेटकर म्हणून हायडेलबर्गच्या तलावात उतरले आणि पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण देऊन गेले. तुमच्या गावाची छाती फुगणारच, आम्हा सांगलीकरांचीही फुगते.

आणि त्या घरांचं झालं काय? सुरुवातीची काही वर्षं पुरुषांच्या क्रीडाग्रामातली घरं विकली जाईनात, भुताटकीची वस्ती म्हणायचे लोक. आज तिथे घर मिळवायला खटपट करावी लागते. मोटारी सगळ्या जमिनीखाली, वर पोरंटोरं आणि कुंड्या. महिला खेळाडूंच्या छोट्या बंगल्या विद्यार्थ्यांना दिल्या. जुन्या जीर्ण झाल्या म्हणून २००७ नंतर बहुतेक पाडून नव्या, आणखी अरुंद बांधल्या, हजाराच्या वर. दर्शनी भिंत प्रत्येकानं हवी तशी रंगवायची. परवा एकीवर हुबेहूब ऑटोरिक्षा काढलेली पाहिली. आत कोण राहतं ते विचारायचं राहून गेलं.

ज्या जागी इस्रायलच्या खेळाडूंची हत्या झाली तिथे सहलीला जाताना मनाला लागत नाही?
एक वाचक, मुलुंड

लागतं. ५ सप्टेंबर १९७२ ला इस्रायलच्या चमूवर हल्ला झाला, अकरा जण गेले, एक जर्मन पोलिसही गेला. ते घर, कोनोलीश्ट्रासं ३१, अजून आहे. मात्र पार्कमध्ये या बाराही जणांची नीट ओळख सांगणारं स्मृतिस्थळ व्हायला २०१७ उजाडलं, पंचेचाळीस वर्षं. एका हिरव्या उंचवट्यात खाच कापून ते केलं आहे, आत प्रत्येकाचा फोटो आणि आयुष्याची हकिकत. एवढा उशीर व्हायला नको होता. मी पाहुण्यांना आधी तिथे नेते, मग टेकडीवर.

पैसा कोण पुरवतं?
एक वाचक, डोंबिवली

उभारणीच्या पैशाचा मोठा वाटा खास नाण्यांच्या विक्रीतून आणि लॉटरीतून आला. आता शहराच्या मालकीची एक कंपनी पार्क चालवते. मैफली, जत्रा, प्रदर्शनं यांचं भाडं येतं, कमी पडेल ते शहर घालतं. बायर्न म्युनिकचा फुटबॉल २००५ मध्ये नव्या स्टेडियमला गेला तेव्हा आता इथे कुत्रं फिरकणार नाही असं वाटलेलं. फिरकले, कारण लोक फक्त फुटबॉलसाठी येत नव्हतेच. अमेरिकन जलतरणपटू मार्क स्पिट्झनं १९७२ ला ज्या तलावात सात सुवर्णपदकं मिळवली तो तिकीट काढून कुणालाही खुला आहे. मी मंगळवारी पोहते. कडेच्या लेनमध्ये, हळू.

२०२२ मध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धांतले नऊ खेळ पुन्हा याच पार्कभोवती झाले, बहुतेक जुन्याच सोयींवर. आणि २६ ऑक्टोबर २०२५ च्या मतदानात म्युनिककरांनी पुन्हा ऑलिम्पिक मागायला साधारण दोनतृतीयांश मतांनी होकार दिला. माझं मत मी सांगणार नाही, घरात त्यावरून अजून धुसफूस आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी स्पर्धेसाठी क्रीडासंकुल झालं. उद्घाटनानंतर फाटकाला कुलूप. काय करावं?
एक वाचक (गावाचं नाव छापू नये)

मोठ्या मागण्या करू नका. बाग करा, कारंजं लावा म्हणालात की निविदा निघेल आणि पाच वर्षं जातील. अर्ज एकाच गोष्टीचा द्या: सकाळी पाच ते आठ फाटक उघडं ठेवा. सह्या चालायला जाणाऱ्या निवृत्तांच्या घ्या, त्यांना वेळही असतो आणि चिकाटीही. फाटक उघडलं की पहिल्या पावसाळ्यात कुंपणाच्या आतल्या कडेनं कडुनिंब आणि करंज लावा. दोन्ही चिवट, गुरंही फारशी तोंड लावत नाहीत. पाणी पहिली दोन वर्षं घाला, टँकर नाही तर घागरीनं. आणि लोक जिथून आडवे चालतात तिथे झाड लावू नका, ते मोडणारच.

मे महिन्यात म्युनिकला येतोय, पार्क कसा बघावा?
एक वाचक, बडोदा

यू-थ्री या भुयारी रेल्वेनं ‘ऑलिंपियात्सेन्ट्रुम’ला उतरा. २९१ मीटरचा मनोरा २०२४ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, उघडला का याची येण्याआधी चौकशी करा. नाही तर टेकडी आहेच, तिला तिकीट नाही. दक्षिणेचा कोरडा ‘फ्योन’ वारा सुटला असेल तर वरून आल्प्स हात लावण्याइतके जवळ दिसतात. बसायला चादर आणा, बाक संध्याकाळी सहालाच भरतात. आणि जमलं तर माझ्यासाठी पावशेर लिलवा कचोरीचं सारण आणा, गोठवलेलं. पत्ता संपादकांकडे आहे.