अंगावर पित्त उठतंय, महागडं इंजेक्शन लागू पडेल की नाही हे आधी कळतं का?

प्रश्न: डॉक्टर, माझी मिसेस ३४ वर्षांची आहे. सात-आठ महिने झाले, रोज संध्याकाळी अंगावर पित्ताच्या गांध्या उठतात, कधी ओठ पण सुजतो. लेव्होसेट्रिझिनची रोज एक गोळी चालू आहे, आमसुलाचं पाणी लावून झालं, वांगी-अंडी बंद करून झाली. आता स्किनच्या डॉक्टरांनी ओमालिझुमॅबचं इंजेक्शन सुचवलंय, पण रक्तातलं आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित अँटीबॉडी) फक्त १८ आलंय आणि थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी, अँटी-टीपीओ, खूप वाढलंय म्हणून 'लागू पडेलच असं नाही' असंही म्हणाले. ऑफिसमधल्या एकाला तर पहिल्याच इंजेक्शननंतर आठवड्यात आराम पडला. खर्च मोठा आहे हो, घ्यावं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं ते फार बरं केलं, बऱ्याच पेशंटना हे कुणी सांगतच नाही आणि मग दोन इंजेक्शनं झाली की लोक वैतागून सगळंच सोडून देतात.

ऑफिसातल्या त्या माणसाशी तुलना मात्र करू नका. सहा आठवड्यांच्या वर चाललेलं हे पित्त बाहेरून सगळ्यांचं सारखंच दिसतं, आतलं कारण वेगळं असू शकतं. काही जणांचं शरीर स्वतःच्याच प्रोटीनविरुद्ध आयजीई बनवतं, आणि ओमालिझुमॅब नेमकं आयजीईलाच पकडतं, म्हणून अशांना पटकन फरक पडतो. दुसऱ्या काही जणांमध्ये आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी त्वचेतल्या मास्ट सेल्सना (गांध्या आणि खाज आणणाऱ्या पेशी) थेट चेतवतात, अशांचं आयजीई कमी असतं, अँटी-टीपीओ वाढलेलं असतं, सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) बेसोफिल आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी पण बरेचदा खूप कमी दिसतात, आणि यांना ओमालिझुमॅब उशिरा लागू पडतं किंवा कमी पडतं. तुमच्या मिसेसचे रिपोर्ट या दुसऱ्या गटाकडे झुकतात.

पण झुकतात म्हणजे दार बंद झालं असं अजिबात नाही! एका अमेरिकन अभ्यासात आयजीई अगदी कमी असलेल्यांतसुद्धा जवळपास निम्म्या लोकांना फायदा झाला होता. त्यामुळे नुसत्या एका आकड्यावरून कुणाला इंजेक्शन नाकारणं मला पटत नाही.

त्याआधी एक विचारतो, गोळी अजून एकच का चालू आहे? आंतरराष्ट्रीय गाइडलाइननुसार झोप न आणणाऱ्या नव्या अँटिहिस्टामिनचा (अ‍ॅलर्जीची गोळी, लेव्होसेट्रिझिन त्यातलीच) डोस दोन ते चार आठवड्यांत फरक नाही पडला तर चौपटीपर्यंत वाढवता येतो, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्वतःच्या मनाने नाही. हे झालं नसेल तर आधी ते विचारा, खर्च एकदम कमी आहे.

आजपासून एक वही पण ठेवा. रोज गांध्यांना ० ते ३ मार्क (२० पेक्षा कमी असतील तर १, ५० पर्यंत २, त्याच्या वर ३) आणि खाजेला ० ते ३, सात दिवसांची बेरीज करायची, जास्तीत जास्त ४२ होते. ही बेरीज नसेल तर इंजेक्शनने 'थोडं बरं वाटतंय' की खरंच फरक पडलाय हे कुणालाच सांगता येत नाही.

इंजेक्शन घ्यायचं ठरलं तर नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी असतो आणि तुमच्या बाबतीत घाई नको, सहा महिन्यांपर्यंत वाट बघायची तयारी आणि तेवढ्या पैशांची सोय आधीच करून ठेवा. चार आठवड्यांनी आयजीई परत तपासलं आणि ते दुपटीच्या वर गेलं तर घाबरू नका, औषधाला चिकटलेलं आयजीई रक्तात साठतं म्हणून ते वाढतं आणि तो उलट चांगला संकेत मानतात. नाहीच लागू पडलं तर सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, कमी आयजीईवाल्यांना ते बरेचदा चांगलं लागू पडतं, पण बीपी आणि किडनीच्या टेस्ट नियमित कराव्या लागतात. महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खाणं मात्र नको म्हणजे नकोच.

आणि ओठाबरोबर जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: माझं आयजीई ९०० आहे, म्हणजे मला इंजेक्शन नक्की लागू पडणार ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: शक्यता चांगली आहे, नक्की म्हणता येणार नाही. आपल्याकडे पोटातले जंत, दमा, एक्झिमा यामुळेही आयजीई वाढलेलं असतं, त्याचा पित्ताशी संबंध असेलच असं नाही, त्यामुळे यातलं काही आहे का ते आधी बघून घ्या. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे गोळ्या घेत असाल तर ते पण डॉक्टरांना सांगा, त्याने बऱ्याच जणांचं पित्त वाढतं आणि आपल्याला वाटत राहतं की औषधच काम करत नाहीये.