वाचकांचे प्रश्न : ब्राउझरमधील स्क्रिप्ट बंद ठेवण्यामागचा विचार

प्रश्न : माझा भाचा संगणक क्षेत्रात नोकरी करतो. त्याने आपल्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून ठेवली आहे. अनेक संकेतस्थळे त्यामुळे अर्धवट उघडतात, तरी तो ती चालू करायला तयार नसतो. ही सवय कशासाठी? आमच्यासारख्या सामान्य लोकांनी तसे करावे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या भाच्याच्या सवयीला भक्कम कारणे आहेत. एखादे पान उघडल्यावर मजकूर आणि चित्रे आपल्याला दिसतात. पण त्यांच्यासोबत अनेक छोटे प्रोग्रॅमही येतात आणि काही न विचारता आपल्याच यंत्रावर चालू लागतात, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्यांनाच स्क्रिप्ट म्हणतात आणि त्या ज्या भाषेत लिहिल्या जातात ती जावास्क्रिप्ट. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती दहा दिवसांत तयार केली, तेव्हा अर्जात भरलेली माहिती तपासण्यासारखी किरकोळ कामे तिने करावीत अशी अपेक्षा होती. आज याच भाषेत नकाशे, पत्रव्यवहार आणि बँकेचे व्यवहार चालतात. शिवाय एका पानावर ज्या स्क्रिप्ट चालतात, त्यांतील कित्येक त्या संकेतस्थळाच्या नसतातच; जाहिरात कंपन्या, वाचकांची मोजदाद करणाऱ्या सेवा आणि समाजमाध्यमे यांच्या सर्व्हरवरून त्या येतात. आपण विश्वास ठेवतो एका संस्थेवर आणि आपल्या यंत्रावर प्रोग्रॅम चालतात दहा जणांचे, ही स्क्रिप्ट बंद ठेवणाऱ्यांची मूळ हरकत आहे आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते.

या हरकतीत किती तथ्य आहे हे ११ फेब्रुवारी २०१८ रोजी दिसले. पानावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी ‘ब्राउझअलाउड’ ही सेवा अनेक संस्थांनी दृष्टिदोष किंवा वाचनाची अडचण असलेल्या लोकांच्या सोयीसाठी घेतली होती. तिच्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी परस्पर बदल करून कॉइनहाइव्ह नावाच्या सेवेचा कोड घुसवला आणि चार हजारांहून अधिक संकेतस्थळांना भेट देणाऱ्यांचे संगणक नकळत ‘मोनेरो’ हे आभासी चलन निर्माण करण्यासाठी राबू लागले. त्यांत ब्रिटनमधील अनेक सरकारी संकेतस्थळे होती; नागरिकांच्या खासगी माहितीचे रक्षण करणाऱ्या माहिती आयुक्त कार्यालयाचे संकेतस्थळही होते. संकेतस्थळांच्या स्वतःच्या सर्व्हरना कोणी हातही लावला नव्हता. ज्यांनी बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्ट अडवून ठेवल्या होत्या, त्यांच्यापर्यंत हा कोड पोहोचला नाही.

दुसरे कारण पाळतीचे आहे. स्क्रिप्ट चालू असेल तर पडद्याचा आकार, बसवलेले फाँट, यंत्र एखादे चित्र कसे रेखाटते अशा बारीकसारीक तपशिलांवरून आपला ब्राउझर इतरांपासून वेगळा ओळखता येतो. त्यासाठी कुकीचीही, म्हणजे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीचीही, गरज पडत नाही. काही स्क्रिप्ट तर माउसची हालचाल आणि अर्जात टाइप केलेली अक्षरे, ‘पाठवा’ हे बटण दाबण्यापूर्वीच, नोंदवून घेतात. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये नामवंत संकेतस्थळांवर असे प्रकार चालतात हे दाखवून दिले. अर्ज अर्धवट सोडून आपण पान बंद केले तरी लिहिलेले शब्द तिसऱ्याच कंपनीकडे गेलेले असू शकतात, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

ज्यांची ओळख उघड होणे जिवावर बेतू शकते, अशा पत्रकारांच्या आणि कार्यकर्त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न आणखी तीव्र होतो. ऑगस्ट २०१३ मध्ये टॉर या ओळख लपवणाऱ्या, फायरफॉक्सवर आधारलेल्या ब्राउझरच्या जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांचा खरा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील त्यांच्या जोडणीचा क्रमांक, फायरफॉक्समधील एका दोषाचा फायदा घेऊन उघड करण्यात आला. तो हल्ला जावास्क्रिप्टमधून झाला होता. टॉरमध्ये सर्वांत कडक सुरक्षा पातळी निवडली की सर्व संकेतस्थळांवरील जावास्क्रिप्ट बंद होते, ती अशाच धोक्यांमुळे.

मात्र या उपायाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. स्क्रिप्ट बंद केल्याने आपला आयपी पत्ता लपत नाही. फार थोडे लोक ती बंद ठेवतात, म्हणून ती बंद असणे हीच एक ओळखण्याची खूण ठरते. आणि ज्या संकेतस्थळावर आपण स्वतः विश्वास ठेवला, त्याच्याच सर्व्हरवरील फाइल बिघडवली गेली तर बाहेरच्या स्क्रिप्ट अडवून भागत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या बाबतीत तसेच घडले : कंपनीच्या संकेतस्थळावरील फाइलमध्ये जेमतेम बावीस ओळी वाढवून प्रवाशांच्या कार्डांचे तपशील चोरले गेले.

आता आपण काय करावे? सगळ्या स्क्रिप्ट सरसकट बंद केल्या तर बँकेचे काम आणि रेल्वेचे आरक्षण अडेल, म्हणून मी तसा सल्ला देणार नाही. फायरफॉक्समध्ये ‘नोस्क्रिप्ट’ किंवा ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसवावे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि अँड्रॉइड फोनवरील फायरफॉक्समध्येही चालतात. जॉर्जिओ माओने यांनी २००५ मध्ये आणलेल्या नोस्क्रिप्टमध्ये आपण मान्यता दिलेल्या संकेतस्थळांनाच स्क्रिप्ट चालवता येते. पहिले काही दिवस सारखी परवानगी द्यावी लागते. पुढे नेहमीची संकेतस्थळे यादीत बसतात आणि त्रास कमी होतो. बातम्या आणि लेख वाचताना तर फरक लगेच जाणवतो, कारण पान झपाट्याने उघडते, डेटा कमी लागतो आणि जुना फोनही तापत नाही.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ नव्याने तयार होत आहे. जावास्क्रिप्ट बंद ठेवणाऱ्या मूठभर लोकांचा विचार आम्ही का करावा? – ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : कारण स्क्रिप्ट न मिळणारे सगळेच ती मुद्दाम बंद ठेवणारे नसतात. ब्रिटनच्या शासकीय डिजिटल सेवेने २०१३ मध्ये आपल्या पानावर मोजणी केली, तेव्हा १.१ टक्के भेटींत स्क्रिप्टचा लाभ पोहोचला नव्हता. पण ती बंद असलेले किंवा न चालणारे ब्राउझर अवघे ०.२ टक्के होते. उरलेल्या ०.९ टक्के लोकांच्या ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालायला हवी होती, तरी ती चालली नाही. तुटणारे नेटवर्क, कार्यालयाच्या नेटवर्कवर काही फाइल अडवणारी गाळणी, अर्धवट उतरलेली फाइल अशी कारणे त्यामागे असू शकतात. घाटात किंवा खाडीकाठच्या गावात रेंज कमी असलेला आपला सभासद याच गटात मोडेल.

वाचनालयाची वेळ, वर्गणी, नव्या पुस्तकांची यादी आणि दूरध्वनी क्रमांक दाखवायला एकाही स्क्रिप्टची गरज नसते. देवनागरी मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची मांडणी लिहिण्याच्या मूळ भाषेत, व्यवस्थित दिसतो. पुस्तक शोधण्याचा अर्जही स्क्रिप्टशिवाय सर्व्हरकडे पाठवता येतो, आणि टाइप करताना नावे सुचवण्यासारख्या सोयी त्यावर नंतर चढवता येतात. संकेतस्थळ ताब्यात घेण्यापूर्वी क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून प्रत्येक पान एकदा उघडून पाहावे आणि कोरे दिसलेले पान दुरुस्त करून देण्यास कंत्राटदाराला लेखी कळवावे.